इंग्रजीशी सूत जमवू या

मैत्रिणींनो, आर्वीच्या एका वाचक भगिनीचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. पत्र लहानसंच, पण वाचून मन हललं. त्या लिहितात: "ताई, मी बारावीपर्यंत शिकले. इंग्रजीत नापास कधी झाले नाही. मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. रात्री जेवताना मुलं आणि त्यांचे बाबा इंग्रजीत काही बोलतात नि खदखदून हसतात. मला शब्द सगळे कळतात. हॅट कळते, सॉक्स कळतात, थ्रेड कळतो. पण हसण्यासारखं काय झालं, तेच कळत नाही. परवा विचारलं, तर धाकटा म्हणाला, 'जाऊ दे ना आई, तुला नाही कळायचं.' त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण त्या रात्री घास घशाखाली उतरला नाही. या वयात हे शिकता येईल का?"

येईल, आणि वाटतं त्यापेक्षा लवकर येईल.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. शब्द कळतात पण अर्थ लागत नाही, याचा अर्थ आपलं इंग्रजी कच्चं आहे असा नव्हे. हा वाक्प्रचारांचा स्वभावच आहे. एखाद्या इंग्रज बाईला मराठीतले शब्द शिकवा आणि मग म्हणा, "माझ्या पोटात कावळे ओरडताहेत." तिला पोट कळेल, कावळे कळतील, आणि ती बिचारी डॉक्टरला बोलवायला धावेल! "त्यांनी आमच्या तोंडाला पाने पुसली" म्हटलं तर कुठली पाने आणि कशाला पुसली, म्हणून ती विचारात पडेल. आपण हे कुठे शिकलो? शाळेत नाही. आजी बोलायची, आई बोलायची, ते प्रसंगासकट कानावर पडत गेलं. इंग्रजीचं घोडं अडतं ते इथंच. शब्द आपल्याला पुस्तकातून मिळाले, प्रसंग मिळालेच नाहीत. फोनमधला शब्दकोशही शब्द तेवढा सांगतो, प्रसंग सांगत नाही.

मग प्रसंग आणायचे कुठून? मला वाटतं, आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना तरी ते बाहेरून आणायचं कारण नाही. वर्ध्यातच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. झाकिर हुसेन समिती तिथेच नेमली गेली, आणि 'वर्धा योजना' नावाने जे शिक्षण देशभर गाजलं ते त्यातून निघालं. त्या योजनेचे दोन मुद्दे होते. मुलाचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने व्हावं. टकळीवर सूत काततानाच गणित यायचं, भूगोल यायचा. आता मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या गावाचा दाखला देऊन मी इंग्रजी शिकवायला निघाले, याचं कुणाला हसू येईल. येऊ दे. गांधीजी स्वतः उत्तम इंग्रजी लिहीत. त्यांचं 'हरिजन' साप्ताहिक इंग्रजीतूनही निघे. आपण त्यांचा दुसरा मुद्दा उचलू. जो उद्योग आपल्या हाताला माहीत आहे, त्याच्या आधाराने शिकू.

आणि आपल्याकडचा उद्योग कोणता? कापूस! शेतात पऱ्हाटी, जिनमध्ये सरकी, घरात गाद्या-उशा, देवापुढे वाती. शेतीशी संबंध नसलेल्या शहरातल्या बाईनेही फुलवाती वळलेल्या असतातच. गंमत म्हणजे 'जिन' हा शब्दही इंग्रजीच. 'एंजिन'चं शेपूट तोडून तो झाला. "कापूस जिनात गेला" असं म्हणणारी आपली निरक्षर पणजीसुद्धा रोज एक इंग्रजी शब्द बोलत होती, आणि तिला कुणी "तुला नाही कळायचं" म्हणत नव्हतं.

इंग्लंडचा मोठा धंदा शेकडो वर्षं कापडाचाच होता. आधी लोकर, मग कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तेव्हा तिकडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाची मागणी वाढली. हिंगणघाटचा कापूस तर त्या व्यापारात नावाने ओळखला जाई. ज्यांच्या घराघरांत सूत कातलं गेलं, त्यांच्या जिभेवर सूत आलं नाही तरच नवल. म्हणून त्यांच्या भाषेत धागे, टाके, लोकर आणि कापड जागोजागी सापडतात. आपल्याही भाषेत सापडतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

एखाद्याशी आपलं जमलं की आपण म्हणतो 'सूत जमलं'. शोध घेतला की 'पिंजून काढलं'. अर्धवट ऐकून भलताच निष्कर्ष काढला की 'सुतावरून स्वर्ग गाठला'. खोडकर मुलाला 'सुतासारखा सरळ' करतो. बोलता बोलता मुद्दा विसरला, तर 'धागा सुटला' म्हणतो ना? इंग्रजीतही अगदी तेच आहे: 'आय लॉस्ट द थ्रेड'. टकळीवर धागा तुटला की कातणाऱ्याचा हात कसा थांबतो, ते डोळ्यांसमोर आणा. पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

'स्पिन अ यार्न' म्हणजे सूत कातणे असं शब्दकोश सांगेल. पण कुणी म्हणालं 'ही इज स्पिनिंग अ यार्न', तर तो माणूस लांबण लावून, रंगवून गोष्ट सांगतोय, बहुधा थापाच मारतोय. धागा जसा पेळूतून निघतच राहतो, तशी त्याची गोष्ट. नवरा उशिरा आला आणि कारण सांगत बसला, की हे वाक्य कामी येईल!

'ऑन टेंटरहुक्स' हे मला सगळ्यांत आवडतं. टेंटर म्हणजे लाकडी चौकट. धुतलेलं लोकरी कापड आटू नये, वेडंवाकडं होऊ नये म्हणून पूर्वी ते त्या चौकटीवर हुकांना ताणून वाळवीत. त्या ताणलेल्या कापडासारखा जीव झाला की माणूस 'ऑन टेंटरहुक्स'. आपण काय म्हणतो? जीव टांगणीला लागला. कुठे यॉर्कशायर, कुठे वर्धा, पण निकालाच्या आदल्या रात्री आईचा जीव दोन्हीकडे टांगलेलाच. (बरेच जण हे 'टेंडरहुक्स' म्हणतात, अगदी सुटाबुटातलेसुद्धा. तुम्ही म्हणू नका.)

'डाइड इन द वूल'चंही तसंच. कापड विणून मग रंगवलं तर रंग वरवर बसतो. लोकर आधी रंगवून मग कातली तर रंग धाग्याच्या आत मुरतो. म्हणून जो मुळापासून, आतून पक्का, तो डाइड इन द वूल. आपण 'हाडाचा शिक्षक', 'हाडाचा कार्यकर्ता' म्हणतो ना, त्याच्या जवळचं. फक्त इंग्रजीत हे बहुधा कौतुकापेक्षा हट्टीपणासाठी वापरतात, म्हणजे काही केल्या मत न बदलणारा.

इथे जरा थांबून एक सांगते. बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाक्प्रचार डावीकडे आणि मराठी उजवीकडे देऊन मोकळी होतात, जणू दोन्हींचं वजन सारखंच. तसं नसतं. 'रॅप इन कॉटन वूल' घ्या. कॉटन वूल म्हणजे जखमेवर लावायचा मऊ कापूस. मुलाला त्यात गुंडाळून ठेवणे म्हणजे आपलं 'तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे' असं वाटेल. पण आपल्या बोलण्यात माया आहे, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा. शाळेत बाई म्हणाल्या की तुम्ही मुलाला कॉटन वूलमध्ये गुंडाळून ठेवता, तर ते कौतुक समजून हसू नका. फार लाडावून ठेवलंय, असं त्या सुचवताहेत. 'पॅच अप'चं नेमकं उलट. ठिगळ आपल्याकडे गरिबीचं, तात्पुरतं, जरा लाजिरवाणं. इंग्रजीत मात्र भांडण 'पॅच अप' केलं म्हणजे चांगलंच केलं, समेट झाला. जावा-जावांचं पॅच अप झालं तर शेजारणीला खुशाल सांगा.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा इतक्या जवळ येतात की हसू येतं. घरातली भांडणं चारचौघांत नेणे म्हणजे 'वॉशिंग डर्टी लिनन इन पब्लिक', घरचे मळके कपडे लोकांसमोर धुणे. आपण 'घरची लक्तरे वेशीवर टांगतो'. त्यांनी धुतली, आपण न धुताच टांगली! ऐपतीप्रमाणे खर्च करावा, यासाठी त्यांचं 'कट युवर कोट अकॉर्डिंग टु युवर क्लॉथ', कापड असेल तेवढाच कोट बेतावा. आपलं 'अंथरूण पाहून पाय पसरावे'. महिनाअखेरीला घरात दोन्हींपैकी कुठलंही चालतं. खर्चाला आणखी चाप बसला की ते 'बेल्ट' घट्ट करतात, आपण पोटाला चिमटा काढतो.

'टाइड टु हिज मदर्स एप्रन स्ट्रिंग्ज' म्हणजे आईच्या एप्रनच्या नाड्यांना बांधलेला. हे शब्द कळले नाहीत तरी माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो, कारण आपल्याकडे तो पदराला बांधलेला असतो. पण पदराचा विषय निघालाच आहे, तर मुलांना एकदा विचारा, 'पदरमोड करणे' याला इंग्रजीत काय म्हणतात? 'पदर पसरणे'? 'पदरी पडलं पवित्र झालं'? स्पष्टीकरण देता येईल, पण तो शब्द मिळणार नाही. ज्या भाषेत पदरच नाही, तिथे पदरमोड कुठून येणार? जेवणाच्या पाटावर हा प्रश्न टाकून पाहा. मग कोण कुणाला "तुला नाही कळायचं" म्हणतं, ते कळेल.

बायकांच्या कामातून आलेले दोन शब्द मला टाळून पुढे जाता येत नाही. 'स्पिनस्टर' म्हणजे मुळात सूत कातणारी. कातून पोट भरणाऱ्या बायका बहुधा अविवाहित असत, म्हणून कायदेशीर कागदांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे हाच शब्द पडू लागला, आणि पुढे त्याला 'लग्नाची राहिलेली' असा खवचट वास आला. इंग्लंडमध्ये २००५ मध्ये लग्नाच्या नोंदवहीतून तो काढून टाकला. कुणाबद्दलही वापरू नये असा शब्द. दुसरा 'डिस्टाफ साइड'. डिस्टाफ म्हणजे कातायची लोकर गुंडाळून ठेवायची काठी, आणि डिस्टाफ साइड म्हणजे घराण्यातली आईकडची बाजू. हा जुना झाला असला तरी कथा-कादंबऱ्यांत भेटतो. पहिल्या शब्दात कातणारीचा अपमान झाला, दुसऱ्यात तिच्या काठीवरून अख्ख्या आजोळाला नाव मिळालं. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये उघडलं. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहायला गेलात, तर हे दोन शब्द आठवून पाहा.

शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका, हे मी दर महिन्याला सांगते. आज आपल्याच गावचं उदाहरण देते. १४ जुलै १९४२ ला काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्ध्यात ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि 'क्विट इंडिया' ही घोषणा जगभर गेली. मराठी माणसाच्या तोंडी ती काय झाली? 'चले जाव'! त्यात इंडिया नाही, भारतही नाही. पण ऐकणाऱ्याला आणि ज्याला उद्देशून म्हटलं त्यालाही बरोबर कळलं. भाषांतर करायचं तर असं. उलट आपण 'माझं डोकं खाऊ नकोस'चं 'डोन्ट ईट माय हेड' करतो, तेव्हा इंग्रज माणूस घाबरून दोन पावलं मागे सरकेल.

एक सापळाही दाखवून ठेवते. 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' शाळेत सगळ्यांनी घोकलंय: वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात. त्यामुळे 'शी हॅड अस इन स्टिचेस' ऐकलं की शिवणकाम डोळ्यांसमोर येतं. पण इथला स्टिच म्हणजे टाका नव्हे. पळताना किंवा फार हसताना कुशीत जी कळ येते, तो हा स्टिच. तिनं आम्हाला पोट दुखेपर्यंत हसवलं, एवढाच अर्थ. वर पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरातल्या हसण्यात असंच काही असणार. सॉक्सचं म्हणाल, तर 'पुल अप युवर सॉक्स' म्हणजे कंबर कस, अभ्यासाला लाग. प्रगतिपुस्तकावर हा शेरा आला तर नवे मोजे आणायची गरज नाही.

हे सगळं गमतीचं झालं. पण एक जागा अशी आहे जिथे गंमत नाही, आणि ती म्हणजे दवाखाना. डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलतात, बऱ्याचदा परप्रांतातले असल्याने आपल्याशीही इंग्रजी-हिंदीत बोलतात. 'हँगिंग बाय अ थ्रेड' म्हटलं तर धागा ऐकूनच आपल्या पोटात गोळा येईल, अर्थ कळेल. पण 'इट वॉज टच अँड गो' ऐकून? टच म्हणजे स्पर्श, गो म्हणजे जाणे. आजार चाटून गेला, काही विशेष नाही, असं वाटायची शक्यता फार. खरा अर्थ असा की माणूस जाता जाता वाचला, क्षणाचा भरवसा नव्हता. 'नॉट आऊट ऑफ द वूड्स येट' म्हणजे अजून धोका टळलेला नाही. कुणी असं ऐकून निर्धास्त घरी निघून गेलं तर? म्हणून दवाखान्यात, बँकेत, कचेरीत वाक्प्रचार ओळखण्याची हौस मुळीच करू नका. सरळ म्हणा, "डॉक्टर, साध्या शब्दांत सांगा. मराठीत सांगा. धोका आहे की नाही?" तीनदा विचारावं लागलं तर तीनदा विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. साधं सांगता येणं हे त्यांचंही काम आहे.

आता शिकायचं कसं ते सांगते. मुलांची अर्धी कोरी राहिलेली वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार नव्हे, प्रसंग लिहा: "निकालाची वाट पाहतोय", "नणंद घरातली गोष्ट बाहेर बोलली", "महिन्याचे शेवटचे चार दिवस". उजवीकडे त्या प्रसंगी इंग्रजीत काय म्हणतील ते, देवनागरीत लिहिलंत तरी चालेल. आठवड्याला दोन पुरेत. दहा लिहिलेत तर एकही राहणार नाही. कपडे वाळत घालताना, शिवताना, वाती वळताना ते मोठ्याने म्हणा. हात चालू असला की जीभ सैल होते, हा माझा अनुभव आहे. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मात्र पाठ करत बसू नका. आपल्याकडच्या शाळांनी ते फार लाडकं करून ठेवलंय, पण इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यात ते क्वचितच येतं. धो धो पाऊस पडतोय, एवढं साध्या इंग्रजीत सांगितलं की झालं.

आणि वापरायची घाई नको. ओळखता येणं आधी, बोलणं मागाहून. अर्जात, शाळेच्या चिठ्ठीत, अनोळखी माणसाशी साधं इंग्रजीच शोभतं. वाक्प्रचार म्हणजे जरीकाठ, सगळी साडी त्याची नसते. घरात मात्र मुलांवर प्रयोग करायला हरकत नाही. ती चुका काढतील, काढू द्या. त्यांच्याकडूनच शिकायला सुरुवात केलीत तर आणखी चांगलं. "हे मला समजावून सांग" म्हटलं की बऱ्याच वेळा त्यांनाही नीट सांगता येत नाही, आणि मग दोघं मिळून शोधायला लागतात.

ही अपेक्षा फार मोठी वाटते का? मीराबेन आठवा. इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी, मॅडलिन स्लेड. इकडे यायचं ठरल्यावर तिकडेच तिने सूत कातायला आणि आपल्याकडची भाषा शिकायला सुरुवात केली. १९२५ मध्ये ती साबरमतीला आली, तेव्हा तिशी उलटून गेली होती. पुढे गांधीजी राहायला येण्याआधीच ती आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागली होती. परकी भाषा आणि चरखा, दोन्ही एकदम. आपल्या वाट्याला तर अर्धंच काम आलंय, सूत आपल्याला आधीच ठाऊक आहे.

पुढच्या वेळी स्वयंपाकघरातले वाक्प्रचार घेऊ, मीठ, लोणी आणि उतू जाणाऱ्या दुधाचे. तोवर एक काम देते. 'कापूसकोंड्याची गोष्ट' इंग्रजीत कशी सांगाल? कुणाला काही सुचलं तर पोस्टकार्डावर जरूर कळवा. आर्वीच्या बाईंनी कळवलं तर मला विशेष आनंद होईल.